निळ्या शाईचा पंख

तळघरात ओल येते, म्हणून अभ्रे वरच्या खोलीत,
पातळ कागदात, एकेक घडी सुटी.
एकशे बारा. वर्ना म्हणते, एवढे अभ्रे
आणि डोकं टेकायला एकही नाही.

खरंच आहे. यांच्यावर कोणी झोपलं नसावं फारसं.
सॅटिन घसरतं, झालर नाकात जाते,
रणगाडा गालाला टोचतो.
ही कोचावर मांडायची वस्तू,
आल्यागेल्याला दिसावं
की या घरातलं कोणीतरी तिकडे आहे.

मी ओटम्वात एकतीस वर्षं टपाल वाटलं.
माझ्याआधी त्याच रस्त्यांवर माझ्या बापाने.
तो सांगायचा, छावणीचा शिक्का असलेलं पाकीट
हाताला मऊ लागलं, की बाई फोडायच्या आधीच हसायची.
कडक, पातळ लिफाफ्यांबद्दल
तो काही सांगायचा नाही.

आईसाठीचे सगळ्यात जास्त.
त्याखालोखाल प्रेयसीचे, गुलाब आणि विमान शेजारीशेजारी,
आणि चार ओळी, यमक तेवढं जुळलेलं.
बापासाठीचा मला आजवर एकच मिळाला,
तोही खाकी.
झालर शाबूत असेल तर पंधरा डॉलर.
कसर लागली असेल तर चार, आणि थोडं घासाघीस.

हा मात्र कीओसाक्वाला, घरातलं सगळं विकायला काढलेलं तिथे,
ख्रिसमसच्या दिव्यांखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात.
घरी भरायला घेतलेला. साधं लिनन, त्यावर गरुड.
डावा पंख तपकिरी रेशमाने पिसापिसाने भरलेला,
उजवा नुसता छापलेला, निळ्या शाईत.
जिथे टाके थांबले तिथे सुई,
गंजून कापडाला धरून बसलेली.

विचारायचं काय राहिलं?
मी त्या मुलाला पॅसिफिकमधलं एक बेट दिलं,
एक नोव्हेंबर दिला, सकाळची वेळ दिली.
वाचनालयात प्रदर्शन मांडलं तेव्हा
लोक याच्यापाशीच थबकायचे.
एकीने तर रुमाल काढला.

सहा वर्षं असं चाललं.
मग या मार्चमध्ये मिसेस हाव्लिचेक,
वॉकर ढकलत, काचेला नाक लावून,
हसल्या. मोठ्याने.
"अगंबाई, हे आमच्या ओल्गाचं!
बर्ट न कळवता आला ना, गुरुवारी भर दुपारी.
दारातूनच म्हणाला, खायला काय आहे.
ही रिंग बाजूला ठेवून अंडी तळायला उठली
ती उठलीच.
तशीही तिला शिवणटिपणाची चीडच होती."
"आणि बर्ट?"
"चौऱ्याऐंशीत गेला. मासे धरताना."

खोटं कशाला बोलू, मला लुबाडल्यासारखं झालं.
गाडीत बसून राहिलो, चावी न फिरवता.
एक मेलेला मुलगा माझ्या हातून निसटला होता
आणि मला त्याचं वाईट वाटत होतं.

चिठ्ठी बदलली. बेट खोडलं, नोव्हेंबर खोडला.
वर्ना म्हणाली, मग आता लिहिणार काय?
लिहिलं: अंडी तळायला उठली.

पण रात्री पुन्हा वर गेलो.
हाताने भरलेले आणखी तेवीस आहेत माझ्याकडे.
एकेक उलटा करून दिव्याखाली धरला.
सगळे पूर्ण.
शेवटचं पीस, शेवटची चांदणी, मागे नीट मारलेली गाठ,
दोरा बरोबर कापलेला.

त्यांना वेळ मिळाला होता.