शहाण्णव खळगे

झुवेना पिशवी ठेवते टेबलावर.
शहसची पानं, चुरचुरीत, वाडीतून आणलेली.
वाडी म्हणजे इथे कोरडी नदी.
आमच्याकडे वाडीत माणसं राहतात,
हे तिला सांगितलं तर म्हणाली, "पूर आला की?"
मग बोट नाचवत बजावलं: "उकळायचं नाही.
रात्रभर भिजवायचं, पहाटे प्यायचं,
कोणाशी न बोलता."
मी नोंदवलं: थंड पाणी, बारा तास.
न बोलण्यासाठी रकाना नव्हता.

निझ्वातल्या या खोलीत एसी अठरावर.
काचेच्या बरणीत मेणबत्ती लावायची,
झाकण सरकवायचं.
ती विझते, आणि उरलेली हवा
हिवतापाच्या जंतूंना मानवते.
रक्त मात्र माणसाचंच लागतं त्यांना.
गेल्या महिन्यात पुरवठा अडकला,
तेव्हा मीच बाही वर केली.
आता भिंगाखाली माझ्याच पेशी,
आणि एकेकीत जांभळी, खड्याची अंगठी,
सोनाराच्या मखमलीवर मांडल्यासारखी.
नमुने चांगले आलेत, असं साहेब म्हणाले.

इंद्रायण इथे हंदल, रुई इथे अशखर.
काडेचिराईत कोणालाच ओळखीचं वाटलं नाही.
ते मी कुडाळहून आणलं होतं,
कस्टमला मसाला सांगून.
आमचे तात्या त्यावरच तापातून उठले म्हणायचे.
मागून गोळ्याही घेतल्या होत्या,
ते म्हणायचे नाहीत.
शुक्रवारी, कोणी नसताना,
उरलेल्या तीन खळग्यांत सोडलं.

सोमवारी मोजदाद.
क्लोरोक्विनची रांग लख्ख.
शहसच्या रांगेत जंतू मेलेले,
आणि पेशीही फुटलेल्या. माझ्या.
काडेचिराईतात अंगठ्या जशाच्या तशा,
एका खळग्यात तर दोन जास्त.
ते कुठेच लिहिलं नाही.

झुवेनाला फोन केला.
माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं:
तुझं झाड तण काढतं,
पण खजुरालाही कोयता लावतं.
ती बराच वेळ गप्प. मागे शेळ्या.
"किती घातलंस?"
मी आकडा सांगितला.
"वेडे, घोट केवढा असतो!
चार थेंब, जिभेखाली.
विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

नवी ताटली काढते.
चार थेंब, मग दोन, मग एक, मग अर्धा.
रक्त संपत आलंय.
या वेळी डावा हात.