तारीख काढून टाकल्यावर

उन्हाळी धानाचे पंप रात्री अकराला थांबतात,
व्होल्टेज जाग्यावर येतं बोंडगावात,
मग मी कंपायलर बांधायला लावते
सेवा केंद्राच्या मागल्या खोलीत.

जुना नव्याला बांधतो, नवा पुन्हा स्वतःला.
कालच्या दह्याचं आजचं विरजण.
पहिलं कोणी लावलं, विचारू नका.

तिकडे देवरीला हेतराम कापगते.
त्याची चिप वेगळ्या जातीची,
सोर्स तोच,
आणि दोघांचं लक्ष्य एकच, तिसरंच यंत्र.
सकाळी फोनवर तो चौसष्ट अक्षरं वाचतो,
मी माझ्या कागदावर बोट ठेवून ऐकते.
तिसऱ्याच अक्षराला फिसकटतं.

नऊ रात्री.

दहाव्या रात्री दोन्ही फायली शेजारीशेजारी उघडल्या.
फरक केवढा? बांधल्याची वेळ,
आणि फोल्डरचा पत्ता. त्यात मी:
देवांगना, बोंडगाव,
आंदणाच्या गुंडावर कोरतात तसं.

तारीख शून्य केली. गाव काढलं.
नावाशी बोट जरा थांबलं,
मग तेही.

सकाळी हेतराम वाचत गेला.
चाळिसावं जुळलं तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला.
चौसष्टावं झाल्यावर
दोघंही काही बोललो नाही,
त्याच्याकडची कोंबडी तेवढी फोनमध्ये ओरडत होती.

शटर उघडलं तर पायरीवर ताराचंद मेंढे,
हातात सातबारा:
"माया नावातला काना सुटला ना, बाई."

बसा म्हटलं.
दुरुस्तीचा अर्ज उघडला,
काना दिला.