लोणी पाघळेपर्यंत दक्षिणेला

उरकुडा वलथरे एकवीस दिवस समुद्रावर होता,
शिडाच्या नावेत, चार गोऱ्यांचा सैपाकी.
गावात निम्मे म्हणतात, तो विशाखापट्टणच्या गोदीतून
पुढं सरकलाच नाही;
पोती वाहिली आणि गोष्टी घेऊन आला.
मला काय. मी आठ वर्षांची होते
आणि तलावात आमचा डोंगा होता.

पाळीवर बसून शिकवायचा, आधी बिडी विझवून.
"पाय, थे बुढीची खाट. चोरून नेऊन रायले तीन चोर.
चोराइपासून लांबचे दोन खूर धर, रेघ ओढ. धुरू.
आता हात लांब कर. कोपर वाकवू नोको.
पान्याच्या काठावर एक मूठ, तिच्यावर दुसरी,
वरतं आंगठा आडवा.
हे आपल्या गावाचं माप.
एवढाच उंच दिसला धुरू, तं समजजो
गावाच्याच रेघेवर आहो आपुन,
मंग चौफेर पानी का असंना."

तिकांडं निघतं ती उगवत, कुठल्याही मुलखात.
वारा ओल्या कानानं ओळखायचा:
उजव्या कानामागं असला तर वाट बरोबर,
नाकावर आला तर तू झोपला होतास.
सांजेचं पाखरू जमिनीकडं जातं.
सकाळचं पाहू नये, ते उपाशी असतं.

मी म्हटलं, काका, आपले बगळे तर
सांजेला तलावातल्या वाळक्या येनावर येतात, पाण्यात.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "त्याइले थेच जमीन."

एक गोष्ट मात्र तो हळू आवाजात सांगायचा,
जणू पाळीपलीकडं कुणी ऐकत असावं.
"बेटावर सिध्धा नेम धरू नोको.
चुकला, तं डावं का उजवं, कोन सांगन?
म्हनून आधीच चूक. मुद्दाम. एका अंगाले.
मंग चूक आपली रायते."

एकोणिसाव्या वर्षी, अघनातल्या एका पहाटे,
मी शिंगाड्यांत होते आणि धुकं उतरलं.
माझं वल्हं मला दिसेना.
घाटावर आई परात वाजवत होती,
पण धुक्यात परात चहूकडून वाजते.
वारा होता, नसल्यासारखा.
कान ओला केला, तेव्हा कुठं सापडला.
घाट सोडून दिला मी.
देवधानाच्या बाजूला चुकले, ठरवून,
बोटं बधिर, मोजत, मोजणं विसरत,
आणि डोंग्याच्या पोटाला सळसळ लागली.
तिथून डावीकडं, पाळ धरून.
परात एकाच जागी वाजू लागली.
आई म्हणाली, शिंगाडे एवढेच?

ती गोष्ट मी काकाला सांगितली नाही कधी.
का, कुणास ठाऊक. खरं मानलं असतं त्यानं,
त्याचीच भीती असावी.

गोऱ्यांचा कप्तान नकाशा गुंडाळून ठेवायचा म्हणे.
चुलीजवळ लोण्याचा गोळा, वाटीत.
"लोनी पाघरेपावतर दक्षिनेले,
पाघरलं का पश्चिमेले. बस. एवढाच कायदा."
थंडीत निघालेली नाव, दगडासारखं लोणी;
दिवसामागून दिवस उरकुडा बोटानं चाचपायचा.
एका संध्याकाळी बोट आत गेलं.
त्यानं वर येऊन हात लांब केला:
दोन मुठी, आंगठा.
नाव वळली. हा मागं पाहत उभा राहिला,
उगवतीकडं, भाजी करपेपर्यंत.

आता त्याला तारे दिसत नाहीत.
डोळ्यांत दुधाळ काहीतरी उतरलंय,
गोंदियाच्या डॉक्टरला तो जात नाही.
फाल्गुन सरता सरता, भर दुपारी,
घरातून काकूचा आवाज येतो,
वैतागलेला, रोजच्यासारखा:
"पाघरलं वो!"
तो उठतो, चाचपत,
अंगणातली खाट उचलतो, मी दुसरीकडून धरते,
आणि आम्ही तिचं तोंड
मावळतीकडं करतो.