सात किलोमीटर

बैठक डेअरीच्या वरच्या मजल्यावर,
जिथल्या भिंतींनी चीजचा वास कायमचा ठेवून घेतलाय.
मला बोलावलं ते शनिवारी बस किती वाजता निघणार, एवढंच विचारायला.
मग युराते म्हणाली, बसा, तुम्हीही ओळखता त्याला.

ओळखतो.
बिर्झायच्या या संघाची बस मी एकोणीस वर्षं चालवतोय.
मला खेळाडू आरशातून कळतात:
कोण खिडकीला डोकं टेकवून झोपेचं सोंग घेतो,
कोण हरल्यावर बायकोचा फोन उचलत नाही.
तौत्रिमस सीटवर बसायचाच नाही.
दाराजवळच्या पायरीवर, गुडघे छातीशी,
दोन मीटर तीनचा माणूस
घडी घालून ठेवलेल्या शिडीसारखा.

आता तो परत येतो म्हणतोय. कमी पैशांत.
तीन देशांतल्या क्लबांनी त्याला
हंगाम संपायच्या आत नारळ दिलाय.
आणि आम्ही चौदांतले दोन सामने जिंकलोय.

बेनेदिक्तस, डेअरीचा मालक, म्हणाला,
दुभत्या गाईच्या लाथा गोड.
युरातेनं चहाचा कप खाली ठेवला.
संघ तिला शिकवायचाय.
म्हणाली, लाथ बसते धार काढणाऱ्याला,
लोणी खाणाऱ्याला नाही.

मग पाढा सुरू झाला.
उखडलेलं लॉकरचं दार. पंचाच्या दिशेनं गेलेला बूट.
सरावाला दांडी, नेहमी मंगळवारी.
मंगळवारच का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं,
आजही नाही विचारलं.
तेवढ्यात कुणीतरी पुटपुटलं, पण तो डावा हात...
आणि खोलीत कुणी बोलेना.
त्या हातातून चेंडू सुटला की
घटकाभर आपलं गाव लहान वाटत नाही.

मला आठवत होती क्लायपेदाहून परतीची रात्र.
दोन गुणांनी हरलो होतो. त्याचे सात फ्री थ्रो चुकलेले.
श्याउल्याय मागे पडल्यावर तो पायरीवरून उठला,
म्हणाला, दार उघड.
बाहेर उणे अकरा, रस्त्यावर भुरभुर बर्फ.
तो चालायला लागला. चुकलेल्या प्रत्येक चेंडूमागे एक किलोमीटर.
मी पहिल्या गिअरमध्ये मागे मागे,
दिव्यांच्या उजेडात त्याची पाठ,
आणि बसमध्ये अकरा माणसं त्याला शिव्या घालत जागी.
सव्वा तास.

त्यात मांतविदस होता. बायको दवाखान्यात, कळा सुरू.
आम्ही पोचलो त्याच्या चाळीस मिनिटं आधी
मुलगी जन्मली.
हे गणित मी एकदाच मांडलं.
तो रोज मांडत असणार.

आज तो कप्तान आहे. कोपऱ्यात बसला होता,
नखानं टेबलावरचा चिकटलेला लेबलाचा कागद खरवडत.
सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत होते,
म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
घ्या. मी चेंडू देईन त्याला.
शब्द देणार नाही.

युरातेनं वहीत काही लिहिलं, खोडलं.
माझ्याकडे वळली. तुमचं काय?
मी म्हणालो, पायरी गंजलीय.
तो येणार असेल तर आधी वेल्डिंग करावं लागेल.
बेनेदिक्तस खो खो हसला. ती हसली नाही.
मग त्यांनी मला जायला सांगितलं,
मतदान होतं.

खाली बसच्या काचेवर बर्फ धरलं होतं.
खरवडत उभा राहिलो, वरच्या खिडकीतला दिवा तसाच.
एक गोष्ट मला वर कुणीच विचारली नाही,
सहा वर्षांत कुणीच नाही, मांतविदसनंही नाही:
स्टिअरिंग तर माझ्या हातात होतं.
दार लावून घेऊन, त्याला ओलांडून
मला पुढे जाता आलं असतं.