किराणा

देवपुजारी सरांनी फळ्यावर लिहिलं: क्री.
म्हणजे विकत घेणे.
त्यावरून क्रय, मग क्रयाणक, विकत घेण्याजोगी चीज,
आणि हजार जिभांवर घासून घासून
किराणा.
मी मागच्या बाकावर.
दप्तराला माझ्या धण्यांचा वास.

बाप इतवारीत, किराणा ओळीत,
पारखांच्या दुकानात पुड्या बांधायचा.
रद्दीचा त्रिकोण, सुताचे दोन फेरे,
आणि दोरा तोडायचा तो बोटाच्या एका हिसक्यानं.
करंगळीला कायमचा काप.

रात्री सांगितलं त्याला,
बाबा, किराणा म्हणजे विकत घ्यायची वस्तू. संस्कृतातून आला.
वरणातली सांबाराची काडी बाजूला काढत
तो हसला,
"तुया मास्तर उधारीवर कधी जगला नाई, वाटते."

खरं होतं.
आमच्याकडे किराणा विकत यायचाच नाही,
पगारातून कापून यायचा.
वर डाळीची चुरी, फुटक्या लवंगा,
पोत्याखालून झाडून पाखडलेला तांदूळ.
शेठ म्हणायचे, ने तुळशीराम, पोरीसाठी.
त्याला कोणता धातू लावायचा
ते फळ्यावर नव्हतं.

पुढच्या तासाला आली विक्री.
धातू तोच, सर म्हणाले,
फक्त पुढे वि. वियोगातला.
म्हणजे गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे
एका अक्षराचंच अंतर, आणि माझा बाप
एकोणचाळीस वर्षं त्या अक्षरावर उभा,
ना घेणारा ना विकणारा,
हातात दोरा.

आता मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर
दहा मिनिटांत पिशवी येते.
दारातला पोरगा घामेजलेला. "ताई, किराणा. ओटीपी सांगा."
सर असते तर म्हटलं असतं,
शब्द अजून घासतोच आहे.

बाप खुर्चीतून हात पुढे करतो.
किलोभर तुरीचं पाकीट तळव्यावर तोलतो,
फिरवून फिरवून गाठ शोधतो.
"दोरा कुठंय याले?"
पोरगा मोबाइलमध्येच बघत राहतो.
"पन्नास ग्रॅम कमी हाय, बाप्पा. सांग तुया शेठले."

तो गेल्यावर मी ओट्यावरच्या काट्यावर
पाकीट ठेवलं.
बरोबर भरलं.

"किती?" आतून आवाज आला.

कमीच आहे, म्हटलं.