निशाण

कारुपानोत वीज रात्री दोनला येते,
तेव्हा एग्ले उठते.
आधी पाण्याचा पंप, मग फोन.
अंगणात कोकोच्या बिया केळीच्या पानांखाली आंबत असतात,
त्यांच्याबद्दल ती लिहिते:
तिसऱ्या दिवशी वास कसा पालटतो,
आंबटाकडून हळूहळू ताज्या पावाकडे.
लोक मतं देतात. मतांची नाणी होतात,
सात दिवस पिकतात, मग हाती.

अकरा जमली होती.
आईच्या थायरॉइडच्या गोळ्या, दोन महिन्यांच्या.
सहाव्या रात्री निशाण लागलं.
आकडा शून्य, अक्षरं राखाडी,
कारण दोन शब्दांत: मोबदला जास्त.

लावणारा कोण, ठाऊक नाही.
चेहऱ्याच्या जागी दीपस्तंभाचं चित्र.
त्याचं एक मत म्हणजे आमची चाळीस हजार.
रेडिओ दुरुस्तीच्या वहीत, मागच्या पानावर,
मी हे गणित करून पाहिलं.
दोनदा.

वर कुणी मालक नको, हे आम्हीच म्हणालो होतो.
आपला केर आपण काढू.
केरसुणी मात्र
ज्याची नाणी जास्त त्याचीच लांब;
ज्याच्या हाती ससा तो पारधी,
हे नियमांत कुणी लिहिलं नाही,
लिहायला लागलंच नाही.

सकाळी मी नेक्तारियोकडे गेलो, मग लुस्बिनियाकडे.
चौघांनी मिळून तिच्या बाजूनं चार ओळी लिहू, म्हटलं.
लुस्बिनियानं गॅस बारीक केला.
"परवा लिहू. परवा माझा सातवा दिवस भरतो."
नेक्तारियोचा शुक्रवारी भरणार होता.
माझा, खरं सांगतो, त्याच संध्याकाळी.
मीही थांबलो.

एग्लेनं कुणाला विचारलं नाही.
बिया रस्त्याकडेला उन्हात पसरल्या,
पायानं सारख्या केल्या,
आणि मला म्हणाली, तुझी सावली पडतेय, जरा सरक.

मी सरकलो.

आता रात्र आहे, दोन वाजून गेलेत,
आणि मला आठवतोय मातुरिनचा तो पोरगा.
गेल्या वर्षी त्यानं लाल पाणकावळ्यांचा फोटो टाकला होता,
चोरीचा आहे असं आम्ही ठरवलं.
पहिलं निशाण माझं होतं.
माझं मत केवढंसं, पण दीपस्तंभ माझ्या मागोमाग आला,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या,
दीपस्तंभाला धन्यवाद लिहिले.
पोरानं खाली काहीतरी उत्तर दिलं होतं,
लांबलचक,
मी वाचलं नव्हतं.

शोधून काढलंय आज.
तेही राखाडी झालंय, घडी घालून ठेवल्यासारखं,
त्यावर फक्त एक शब्द: दाखवा.

पंप अजून चालू आहे.
वीज असेतो
दाबायला हवं.