मालमत्ता क्रमांक ४१७

लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखाली,
मुफद्दलभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली:
घोडा आहे ताई, बँकेतून निघालाय, अजून दहा वर्षं ओढेल.
सतरा किलो.
टॅक्सीत त्याला शेजारी बसवलं,
आणि भायखळ्याच्या वळणावर माझा हात
आपोआप आडवा गेला.

मागच्या पत्र्यावर पट्टी: मालमत्ता क्रमांक ४१७.
नखानं निघेना. खोबरेल लावून रात्रभर ठेवली.
सकाळी आकडे गेले,
चिकटपणा राहिला.

चालू केलं तर त्यानंच मला विचारलं, परवलीचा शब्द?
माझ्या घरात, माझ्या विजेवर.
मुफद्दलभाई फोनवर हसले. आतला सेल काढा,
दहा मिनिटं थांबा, विसरेल.
बटणाएवढा सेल तळहातावर घेऊन
मी घड्याळाकडे बघत बसले.
आणि विसरलं की खरंच: शब्द, मालक, तारीख.
जागं झालं तेव्हा त्याच्या लेखी
एक जानेवारी होता, सोळा वर्षांपूर्वीचा,
विक्रोळीतल्या याच दारावर
दोन नावं होती तेव्हाचा.
तारीख दुरुस्त केली मी.
लगेच नाही.

डिस्क पुसलेली आहे, असं बिलावर लिहिलं होतं.
नव्हती.
कुणी सुहासिनी कारखानीस, कर्ज विभाग.
सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी दोन दिवसांची रजा,
गुळाच्या पोळ्यांचं प्रमाण,
आणि एक फाइल, नाव ‘उघडू नये’.
उठले, चहा टाकला, आलं किसलं,
परत येऊन बसले.
नाही उघडली.
मग शून्यं. या टोकापासून त्या टोकापर्यंत,
अकरा तास नुसती शून्यं,
गेलेल्या भाडेकरूच्या खिळ्यांची भोकं
लांबी भरून बुजवावीत तशी.
बाई, आता ती कुणालाच उघडता येणार नाही.
तुम्हालाही.

मग माझ्या कड्या.
राउटर लावणाऱ्या पोरानं ठेवलेला शब्द होता
एक ते आठ, ओळीनं. लक्षात राहतो, म्हणाला.
अख्ख्या कन्नमवार नगरच्या लक्षात असणार.
बदलला.
नको असलेली दारं बंद केली, बारा-पंधरा होती,
एवढ्याशा खोक्याला इतकी दारं कशाला देतात कोण जाणे.
एकच ठेवलं, त्याला किल्लीही नुसत्या शब्दाची नाही.

ऋजुता म्हणते, मावशी, तुझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?
आईचे एक्स-रे.
सोसायटीचे सात वर्षांचे हिशेब,
ज्यात ठाकूरदेसाईंची पाण्याची टाकी
अठरा हजारांनी जुळत नाही.
आणि काही फोटो, त्यांचं मी अजून ठरवलेलं नाही.

रात्री नोंदी वाचते.
दोन वाजून सहा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवलं,
‘रूट’ म्हणून. मग ‘अ‍ॅडमिन’ म्हणून. मग ‘टेस्ट’, ‘गेस्ट’, ‘मारिया’.
तीनदा चुकला की यंत्र त्याला जिना उतरायला लावतं,
तो दुसऱ्या पत्त्यानं परत वर येतो.
पहाटेपर्यंत चारशे बारा वेळा.
माझ्यावर राग आहे असंही नाही त्याचा,
तो जगातल्या सगळ्याच कड्या हलवून बघत चाललाय,
कुठेतरी नुसतं लोटलेलं असतंच.
मारिया इथे राहत नाही,
मी अंधारात हळूच सांगते.

इतकं बंद करून ठेवलं की एक दिवस
मीच बाहेर राहीन, अशी भीती वाटली.
म्हणून सगळं एका कागदावर लिहिलं,
कागद पिशवीत, पिशवी रव्याच्या डब्यात, तळाला.
ऋजुताला बजावलंय, रव्याला कीड लागली
तरी डबा मला विचारल्याशिवाय ओतायचा नाही.
आणि तू नसलीस तर?

तर ओत.
रवा मात्र चाळून घे.